‘त्यांनी मला विष घातलं’ : स्टॅनली मेयर यांचा मृत्यू आणि पाण्यावरची गाडी

दरवर्षी अकरावीला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवून झाला, की तास संपल्यावर कोणीतरी एक मुलगा मागे थांबतो आणि फोन माझ्यापुढे धरतो. यंदा थांबलेला मुलगा गॅरेजवाल्याचा होता. व्हिडिओ नेहमीचाच. अमेरिकेतला एक माणूस उघड्या बग्गीजवळ, म्हणजे वाळूवर चालवायच्या छोट्या मोटारीजवळ, उभा राहून सांगतोय, की ही गाडी पाण्यावर चालते. खाली कोणीतरी मराठीत लिहिलेलं : ‘तेल कंपन्यांनी याला संपवलं.’ मुलानं विचारलं, “सर, खोटं असतं तर मारलं कशाला असतं?”

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या एका वाक्यात आहे. गाडी खरी कशावरून? तर माणसाला मारलं यावरून. माणसाला मारलं कशावरून? तर गाडी खरी होती यावरून. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत. म्हणून मी दोन्ही सोडवून वेगवेगळ्या तपासायच्या ठरवल्या. हे टिपण त्या मुलासाठी आहे, आणि माझ्या मामेभावासाठीही. त्याचं शेवटी सांगतो.

२० मार्च १९९८

व्हिडिओतला तो माणूस म्हणजे स्टॅनली मेयर. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. ओहायो राज्यात कोलंबस शहराला लागून ग्रोव्ह सिटी नावाचं गाव आहे, तिथल्या क्रॅकर बॅरल या रेस्टॉरंटमध्ये ते त्या दिवशी जेवायला बसले होते. सोबत जुळा भाऊ आणि बेल्जियमहून आलेले दोन गुंतवणूकदार. पुढचं सगळं भावानं सांगितलेलं आहे. मेयर यांनी क्रॅनबेरीच्या रसाचा घोट घेतला, एकदम मान धरली, उठून दाराबाहेर धावले, गुडघ्यांवर कोसळले आणि त्यांना जोरात उलटी झाली. भाऊ मागोमाग पळाला, काय झालं म्हणून विचारलं. उत्तर आलं, “त्यांनी मला विष घातलं.”

थोड्या वेळात ते गेले.

ग्रोव्ह सिटीच्या पोलिसांनी चौकशी केली. फ्रँकलिन काउंटीच्या कोरोनरनं, म्हणजे संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यानं (मुंबईतही पूर्वी कोरोनर असत, जुन्या वाचकांना आठवेल), निष्कर्ष दिला : मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटून मृत्यू. मेयर यांना रक्तदाबाचा विकार होता. घातपाताचा पुरावा मिळाला नाही, आणि पोलिसांनी कोरोनरचा अहवाल मान्य केला. कागदोपत्री प्रकरण तिथे मिटलं. लोकांच्या मनात मात्र ते त्या दिवशी सुरू झालं.

पाणी म्हणजे राख

मेयर यांचा दावा काय होता, ते आधी नीट पाहू. त्यांच्या उपकरणाला ते ‘वॉटर फ्युएल सेल’ म्हणत. स्टेनलेस स्टीलच्या नळ्या पाण्यात ठेवायच्या, त्यांना ठरावीक पद्धतीनं विजेचे झटके द्यायचे, आणि नेहमीच्या विद्युत अपघटनाला, म्हणजे वीज सोडून पाणी फोडायला, लागते त्यापेक्षा फारच कमी विजेत पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचा. पुढे तर स्पार्क प्लगच्या जागी त्यांचे इंजेक्टर बसवायचे आणि पाण्याचा बारीक फवारा थेट सिलिंडरमध्येच फोडायचा, असंही ते सांगत. हायड्रोजन जळला की पुन्हा पाण्याची वाफ. त्यांची बग्गी ओहायोच्या एका टीव्ही वाहिनीच्या बातमीत झळकली. तिच्यावर ‘येशू ख्रिस्त प्रभू आहे’ अशा अर्थाची अक्षरं रंगवलेली होती. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जायला २२ गॅलन, म्हणजे साधारण ८३ लिटर पाणी पुरेल, असं त्यांनी त्या बातमीत सांगितलं.

हायड्रोजन जळतो, त्यातून ऊर्जा निघते, आणि उरतं ते पाणी. म्हणजे पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. लाकडाच्या राखेपासून पुन्हा लाकूड करायचं तर जळताना जेवढी ऊर्जा निघून गेली, निदान तेवढी परत घालावी लागेल. पाण्याचंही तसंच. विहिरीतून पाणी रहाटानं काढा, मोटेनं काढा नाहीतर पंपानं काढा, तळापासून काठापर्यंतची उंची बदलत नाही. तेवढं काम करावंच लागतं, वर घर्षणात वाया जातं ते वेगळं. विजेचे झटके कितीही हुशारीनं दिले तरी सुरुवातीला पाणी आणि शेवटीही पाणी असेल, तर मधल्या वाटेत नफा निघत नाही.

आकड्यांत सांगतो. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला प्रत्यक्षातल्या चांगल्या यंत्राला ५० युनिटच्या आसपास वीज लागते. तो किलोभर हायड्रोजन जाळला की मिळते ती ऊर्जा ३३ युनिट. गाडीचं इंजिन त्यातलं जेमतेम पाव चाकांपर्यंत पोहोचवतं, म्हणजे आठेक युनिट. तीच ताकद अल्टरनेटरला देऊन परत वीज करायची म्हटलं तर आणखी घट. ५० घालून पाच-सहा परत येतात. असं फिरणारं चाक स्वतःच्या बळावर चालू राहत नाही.

पण मुलाला मी दुसरं गणित घातलं, कारण ते ऐकून तो गप्प झाला. म्हटलं, क्षणभर मान्य करू. मेयर यांनी चमत्कार केला, पाणी फुकटात फुटतंय, वीज शून्य लागते. आता ८३ लिटर पाण्यात हायड्रोजन किती? वजनाच्या नवव्या हिश्शाएवढा, म्हणजे सव्वानऊ किलो. एका किलोतून १२० मेगाज्यूल, म्हणजे सगळे मिळून अकराशेच्या थोडे वर. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल. त्यानंच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. टाकीतल्या पाण्यातला सगळा हायड्रोजन म्हणजे ३५ लिटर पेट्रोल. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क रस्त्यानं ४,५०० किलोमीटर. लिटरला किती पडले?

“एकशे तीस.”

गॅरेजवाल्याच्या मुलाला १३० चं ॲव्हरेज म्हणजे काय हे मी सांगायची गरज नव्हती. हलकी मोटरसायकल सत्तर-ऐंशी देते, तेव्हा मालक खूश असतो. इथे तर बग्गी आहे, चार चाकांची. चमत्कार खरा मानला तरी मेयर यांचा आकडा जुळत नाही. पाणी फोडायचं गुपित त्यांच्याकडे होतं की नव्हतं, या वादात पडायच्या आधीच दावा मोडतो.

ओहायोचं न्यायालय

व्हिडिओत हा भाग कधीच नसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेयर गाडी नुसती दाखवत नव्हते, तिच्या नावावर डीलरशिप विकत होते. त्या घेतलेल्या दोघा गुंतवणूकदारांनी त्यांच्यावर दावा लावला, आणि १९९६ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षं आधी, निकाल लागला.

लंडनच्या क्वीन मेरी अँड वेस्टफील्ड कॉलेजातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल लॉटन यांनी तज्ज्ञ म्हणून गाडी तपासायची होती. संधी मेयर यांच्या दारात चालून आली होती. नामांकित संस्थेतला प्राध्यापक, न्यायालयाची साक्ष, समोर गाडी. गाडी चालली असती तर त्या एका दिवसात जगाचा इतिहास बदलला असता. ऐन वेळी मेयर यांनी गाडी तपासू दिली नाही. दिलेली सबब लॉटन यांना अगदीच लंगडी वाटली. मेयर यांचं म्हणणं असं, की तंत्रज्ञानाचं पेटंट प्रलंबित आहे आणि पेटंट कार्यालय, ऊर्जा खातं व लष्कर त्याची तपासणी करत आहेत.

गाडी मिळाली नाही, पण त्यांचा सेल तीन तज्ज्ञांनी तपासला. त्यांनी न्यायालयाला सांगितलं, की यात क्रांतिकारक काहीही नाही, हे साधं विद्युत अपघटन आहे. न्यायालयानं मेयर यांनी ढळढळीत आणि गंभीर फसवणूक केल्याचा निष्कर्ष काढला आणि दोघांचे मिळून २५,००० डॉलर परत करायला लावले.

पैसे घालणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. ब्रिटिश नौदलातले निवृत्त ॲडमिरल सर अँथनी ग्रिफिन यांच्यासारखा तंत्र जाणणारा माणूसही मेयर यांच्या बाजूनं उभा राहिला होता. समोर भांड्यात बुडबुडे उसळताना दिसतात, वायू खराच पेटतो, इंजिन खरंच धडधडतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीत काही खोटं नसतं. वीज किती गेली आणि ऊर्जा किती आली, एवढंच मोजून दाखवलेलं नसतं.

आणि पेटंट? “सर, अमेरिकन सरकारनं पेटंट दिलंय की!” हे मी दरवर्षी ऐकतो. दिलं आहे, एक नाही, अनेक. इंधन वायू तयार करण्याच्या पद्धतीचं पेटंट १९९० चं. पण पेटंट म्हणजे ‘हे यंत्र चालतं’ असा सरकारी दाखला नव्हे. कल्पना नवी आहे का, आधी कोणी नोंदवली आहे का, हे मुख्यतः कागदावर पाहिलं जातं. यंत्र चालवून ऊर्जा मोजायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

उलट पेटंटमुळेच खुनाची गोष्ट लंगडी पडते. पेटंट घेणं म्हणजे गुपित जगासमोर मांडणं. आकृत्या, नळ्या, जोडणी, सगळं जाहीर. त्यांची मुदतही कधीच संपली, आता ती कोणीही, एक पैसा न देता वापरू शकतं. त्या आकृत्यांतल्या एकात एक बसणाऱ्या नळ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही कसबी लेथवाला दुपारच्या जेवणाआधी काढून देईल. जगभर शेकडो हौशी लोकांनी त्या बनवल्या, आजही बनवतात. बुडबुडे येतात. पण एकाही वाहन कंपनीनं हे तंत्र उचललेलं नाही, पेट्रोलला मोताद असलेल्या देशांतल्यासुद्धा नाही. गुपित दाबायला माणूस मारावा तर गुपित आधीच छापून आलं होतं, आणि न्यायालयानं ते पोकळ ठरवून दोन वर्षं झाली होती.

मग ते गेले कशानं?

गणित सुटल्यावर मुलानं हेच विचारलं. आवाज उतरला होता त्याचा. मला बरं वाटलं, की त्याला निदान माणसाची आठवण राहिली. गाडी खोटी ठरली म्हणून मृत्यूची चौकशी थांबवता येत नाही. फसवणूक करणाऱ्या माणसाचाही खून होऊ शकतो. म्हणून इथून पुढे गाडी विसरायची आणि फक्त रेस्टॉरंटच्या दारातला माणूस बघायचा.

मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी पातळ होते आणि तिथे द्राक्षाएवढा किंवा त्याहून लहान फुगा येतो. शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. रक्तदाब हे तो फुटण्याचं एक मोठं कारण. फुटतो तेव्हा पूर्वसूचना बहुधा नसते. वीज कोसळावी तशी डोकं-मान फोडणारी कळ येते, उलटी होते, माणूस कोसळतो. दहातला एखादा तरी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

आता भावानं सांगितलेलं पुन्हा वाचा. मान धरली. उलटी झाली. गुडघ्यांवर कोसळले. विषाची म्हणून सांगितली जाणारी ही लक्षणं फुगा फुटल्याचीही आहेत, जवळजवळ पुस्तकात दिल्याप्रमाणे.

कोलंबस डिस्पॅच या स्थानिक दैनिकानं २००७ मध्ये प्रकरण पुन्हा उघडून पाहिलं, तेव्हा शरीरात सापडलेल्या औषधांचाही उल्लेख आला : लिडोकेन आणि फेनिटॉइन. विषाची गोष्ट सांगणारे कधीकधी ही दोन नावं अशी उच्चारतात, की अंगावर काटा यावा. त्या काळी हृदयाची लय बिघडली तर लिडोकेन आणि झटके आले तर फेनिटॉइन देण्याची पद्धत होती. मरणाऱ्या माणसाला वाचवायची धडपड चालू असताना जी औषधं वापरतात, ती ही.

राहिले ते दोन बेल्जियन. त्यांच्यापैकी एकानं नंतर सांगितलं, की तो कित्येक वर्षं मेयर यांना पैशाची मदत करत होता, त्यांना आपला मित्र मानत होता, आणि या अफवा कुठून उठल्या याची त्याला कल्पना नाही. ज्याच्यात आपले पैसे गुंतले आहेत त्याला मारून गुंतवणूकदाराला काय मिळणार, हे कोणीच सांगत नाही. एका माणसानं मित्र गमावला, पैसेही गमावले, आणि वर वर्षानुवर्षं लोक त्याच्याकडे मारेकरी म्हणून बोट दाखवतात. या गोष्टीचा राग यायला हवा, तेवढा कोणाला येताना दिसत नाही.

मेयर यांच्या भावानं त्या शेवटच्या वाक्याला मृत्युपूर्व जबानी म्हटलं. आपल्याकडच्या वाचकाला हा शब्द लगेच भिडतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ नं आपल्या न्यायालयांत अशा जबानीला मोठं वजन दिलं होतं, कित्येक सुनांच्या मरणाचा न्याय तिच्यावर झाला. पण तिथेही न्यायालय विचारतं : जबानी देणाऱ्यानं ते पाहिलं होतं का? त्याला ते कळायचा मार्ग होता का? माझ्यावर रॉकेल ओतलं, हे जळणाऱ्या बाईला ठाऊक असतं. डोक्यात रक्तवाहिनी फुटलेल्या माणसाला आपल्या डोक्यात काय फुटलं ते ठाऊक नसतं. घोट घेतला आणि त्याच क्षणी असह्य कळ आली, तर कोणीही हातातल्या पेल्याकडेच बघेल. शिवाय ज्याच्या मागे नुकताच न्यायालयाचा ठपका होता आणि आपल्या शोधावर लष्करापर्यंत सगळ्यांची नजर आहे असं जो सांगत आला होता, त्याच्या तोंडी ‘त्यांनी’ हा शब्द यायला वेळ लागत नाही. मेयर खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्या क्षणी त्यांना तेच खरं वाटलं असणार. भावानंही जे ऐकलं तेच सांगितलं.

दुसरं एक मरण

खुनाच्या बाजूनं अजून एक युक्तिवाद असतो : असे शास्त्रज्ञ एकामागून एक मरतात. त्या यादीत युजीन मालोव्ह यांचं नाव नेहमी येतं. एमआयटीमध्ये विज्ञानलेखक होते, शीत संलयनाच्या, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या दाव्याच्या, वादात १९९१ मध्ये नोकरी सोडली, पुढे ‘इन्फिनिट एनर्जी’ नियतकालिक काढलं. १४ मे २००४ ला कनेक्टिकटमधल्या नॉर्विच गावात त्यांना बेदम मारहाण करून ठार केलं गेलं. तो मात्र निःसंशय खून होता. कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले, ऊर्जेच्या शोधासाठीच मारलं.

पोलिसांनी तपास सोडला नाही. निघालं ते असं : मालोव्ह आपल्या आईवडिलांच्या मालकीचं, भाड्यानं दिलेलं घर साफ करायला गेले होते. तिथून काढलेल्या भाडेकरूंचा मुलगा आणि त्याचा साथीदार हे मारेकरी. मुलाला १६ वर्षांची शिक्षा झाली, साथीदाराला ५८ वर्षांची. भाडेकरूचं भांडण, फेकून दिलेलं सामान. आपल्या कुठल्याही गावात घडेल असं. तोवर त्या घरच्यांनी किती वर्षं कट-कारस्थानाच्या गप्पा ऐकल्या असतील.

टेम्पोतली बरणी

माझा मामेभाऊ मालवाहू टेम्पो चालवतो. डिझेल परवडेना म्हणून त्यानं एका विक्रेत्याकडून ‘पाण्याचं किट’ बसवून घेतलं, चौदा हजार रुपयांना. मी ते पाहिलं आहे. बॉनेटखाली क्लिपनं आवळलेली जाड प्लास्टिकची बरणी, आत स्टीलच्या सात पट्ट्या, पाण्यात खायचा सोडा, बॅटरीवरून आलेल्या लाल-काळ्या वायरी आणि बरणीच्या झाकणातून एअर फिल्टरला गेलेली पारदर्शक नळी. चावी फिरवली की बुडबुडे दिसायचे. दोन महिन्यांत पाणी चहासारखं तपकिरी झालं, पट्ट्यांना गाळ धरला, एका सकाळी बॅटरी उतरली आणि टेम्पो दारातच राहिला. डिझेलच्या पावत्या त्यानं जपून ठेवल्या होत्या. आम्ही दोघांनी बसून बेरीज केली. खर्च तेवढाच, चौदा हजार वर.

“घेताना तुला काही शंका आली नाही का रे?” मी विचारलं.

“आली होती ना, दादा. मी म्हटलं त्याला, पाण्यावर कुठं गाडी चालते? तर त्यानं मोबाईल काढला, त्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दाखवला. म्हणाला, खोटं असतं तर मारलं असतं का त्याला?”

बरणी त्यानं फेकलेली नाही. गोठ्यातल्या फळीवर आहे, तळाशी वाळलेला तपकिरी थर. त्याला अजून वाटतं, की आपल्याला मिळालं ते नकली होतं, आणि असली त्या माणसाबरोबर गेलं. हे टिपण छापून मी त्याच्याकडे देणार आहे, सोबत त्या मुलाच्या वहीचं पान.